दिनविशेष : १ ऑक्टोबर
आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या (२०२१)

देशातील ४१ सरकारी शस्त्रनिर्मिती कारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित झाले. त्याचे कारखाने सात नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले. १५ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या मुहूर्तावर, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या कंपन्या राष्ट्राला अर्पण केल्या.

सरकारी शस्त्रनिर्मितीच्या या परंपरेचे मूळ कोलकात्याजवळच्या काशीपूरमध्ये आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये तिथे तोफगाडे बनवण्याची व्यवस्था उभारली आणि १८ मार्च १८०२ पासून उत्पादन सुरू झाले. म्हणूनच १८ मार्च हा 'आयुध निर्माणी दिन' मानला जातो. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांची संख्या वाढली आणि १९७९ मध्ये त्यांच्या कारभारासाठी मंडळ स्थापन झाले.

नव्या कंपन्यांची नावे कामावरून पडली. दारूगोळ्यासाठी 'म्युनिशन्स इंडिया', चिलखती वाहनांसाठी 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम' म्हणजेच 'अवनी', तर पॅराशूटसाठी 'ग्लायडर्स इंडिया'. सात कंपन्यांपैकी 'म्युनिशन्स इंडिया'चे मुख्यालय पुण्यात, तर 'यंत्र इंडिया'चे नागपुरात आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा आणि भद्रावती येथील कारखान्यांच्या वसाहतींत कामगारांच्या पिढ्या वाढल्या.

निर्णयांचे स्वातंत्र्य आणि कार्यक्षमता वाढावी, हा सरकारचा हेतू होता. कामगार संघटनांनी मात्र कंपनीकरणाला कडाडून विरोध केला. कारखान्यांवरचे फलक बदलले, तरी सैनिकाच्या हातातील शस्त्रामागे याच कामगारांचे कसब आहे आणि त्याचा मान राखणे हे नव्या कंपन्यांचे पहिले कर्तव्य आहे.