हूकरचा ट्रेक आणि सिक्कीमची तराई

युक्सोमहून झोंग्रीचा ट्रेक करून आलेला माणूस परतल्यावर साधारण दोनच गोष्टींबद्दल बोलतो. खालच्या जंगलातल्या जळवा आणि वरचे ऱ्होडोडेंड्रॉन. (तिसरी गोष्ट कांचनजंगा, पण ती ढगांतून बाहेर आली असेल तरच!) याच झोंग्रीला जानेवारी १८४९ मध्ये, ऐन बर्फात, एक एकतीस वर्षांचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जाऊन आला होता. जोसेफ डाल्टन हूकर. डार्विनचा जिगरी दोस्त. जीवजाती बदलत असाव्यात हे डार्विनने १८४४ साली ज्या अगदी मोजक्या लोकांना सांगितलं, त्यातला हा एक.

हूकरच्या या प्रवासाची गोष्ट बहुतेक वेळा फुलांपाशीच संपवतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी फुलांचंच बघू. एप्रिल १८४८ मध्ये तो दार्जिलिंगला पोचला. सिलिगुडीच्या आसपासची तराई समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे फुटांवर, आणि तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कांचनजंगाचं शिखर. जगात इतक्या कमी अंतरात इतकी उंची फार थोड्या ठिकाणी मिळते. खाली सालाचं दाट रान, तिथे मलेरिया इतका की प्रवासी ते घाईघाईने ओलांडायचे. मग रानकेळी, बांबू, झाडाएवढे नेचे. सहा-सात हजार फुटांवर ओक आणि मॅग्नोलिया. दहा हजारांच्या वर फर आणि ऱ्होडोडेंड्रॉन, त्याच्या वर ज्युनिपरची खुरटी झुडपं, आणि शेवटी नुसते दगड, गवत, बर्फ. कुठली वनस्पती कुठे उगवते आणि का, हा प्रश्न डोक्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाला अजून काय हवं? पाणी किती अंशाला उकळतं ते बघून तो उंची काढायचा. अठरा हजार फुटांवर पाणी साधारण ८२ अंश सेल्सिअसलाच उकळतं. (भात शिजत नाही म्हणून आपण कुरकुरतो, हा त्यावरून नकाशा काढायचा!)

ऑक्टोबर १८४८ मध्ये तो पूर्व नेपाळकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबरच्या लवाजम्यात ५६ माणसं होती. त्यातली सात जणं झाडपाला वाळवायचे कागद आणि तत्सम सामान वाहायला. चौदा भुतिया हमाल तांदूळ, तूप, मीठ-मिरची घेऊन. आणि तीन लेपचा पोरं, कशासाठी? तर झाडांवर चढून फुलं काढायची आणि ओले कागद बदलायचे. दमट हवेत कागद वेळेवर बदलले नाहीत की नमुन्याला बुरशी आलीच. म्हणजे लंडनच्या क्यू उद्यानात जे पोचलं ते आधी या पोरांच्या हातून गेलं. हूकरने लेपचा लोकांबद्दल फार आपुलकीने लिहिलंय, हे मान्य. पण त्याने ऱ्होडोडेंड्रॉनच्या नव्या जातींना नावं दिली ती बघा: लेडी डलहौसी, लॉर्ड ऑकलंड, हॉजसन, मिसेस कॅम्पबेल, फाल्कनर. लेपचा कोणी नाही.

असो. आता पुढचा भाग.

दार्जिलिंगचा डोंगर १८३५ साली सिक्कीमच्या राजाने कंपनीला दिला होता, आजारी गोऱ्यांना हवापालटाची जागा म्हणून. बदल्यात कंपनी राजाला वर्षाला तीन हजार, पुढे सहा हजार रुपये देत असे. पण दार्जिलिंग म्हणजे एक बेट होतं. चारही बाजूंनी सिक्कीम. खालची तराई राजाची, म्हणजे वर जायचं तर राजाच्या मुलखातूनच.

१८४९ च्या मे महिन्यात हूकर तीस्तेच्या खोऱ्यातून लाचेन-लाचुंगकडे निघाला. हे दरबाराला नको होतं. परक्या माणसाला तिबेटच्या सीमेपर्यंत येऊ दिलं तर तिबेटकडून बोल लागणार. दिवाण नामग्यालने मग आपल्याकडच्या सरकारी कचेरीत चालते ती युक्ती केली. 'नाही' म्हणायचं नाही, फक्त काही होऊ द्यायचं नाही. शिधा वेळेवर पोचेना, वाटा दुरुस्त होईनात. कंपनीचे लोक याला 'पगला दिवाण' म्हणत. मला तो अजिबात पगला वाटत नाही. दारात आलेला पाहुणा फुलं वेचता वेचता खिंडींच्या उंच्या मोजतोय, नकाशा काढतोय, हे त्याला दिसत होतं.

ऑक्टोबरमध्ये दार्जिलिंगचा अधीक्षक डॉ. कॅम्पबेल येऊन मिळाला आणि प्रकरण बदललं. एकटा हूकर अभ्यासक होता, कॅम्पबेल म्हणजे साक्षात कंपनी सरकार. सीमेवरचे तिबेटी पहारेकरी अडवत असताना हूकरने घोडा दामटला आणि सरळ तिबेटात शिरला. नोव्हेंबरमध्ये चो ला खिंडीतून दोघांना परत फिरवलं, आणि त्याच संध्याकाळी दिवाणाच्या माणसांनी कॅम्पबेलला पकडून, बांधून मारहाण केली. हूकरला मोकळीक होती, तरी तो मित्राला सोडून गेला नाही. हे मात्र त्याच्या खात्यात जमा केलंच पाहिजे. ख्रिसमसच्या सुमारास दोघं सुटले.

१८५० मध्ये कंपनीने हिशेब चुकता केला. राजाचे सहा हजार बंद. आणि सगळी तराई, शिवाय रंगीत नदीच्या अलीकडचे डोंगर, खालसा. मारहाण झाली वर बर्फाच्या वेशीवर, जप्ती आली खालच्या सालाच्या रानावर. जे नेमकं हवं होतं ते मिळालं, दार्जिलिंग सपाटीला जोडलं गेलं. मग १८५६ च्या सुमारास डोंगरावर चहाचे मळे, १८६२ पासून तराईतही. १८८१ मध्ये आगगाडी. सिक्कीमकडे मात्र सुपीक सपाट जमीन म्हणावी अशी उरलीच नाही, आणि १८६१ च्या तुमलोंग तहाने उरलंसुरलं स्वातंत्र्यही बऱ्यापैकी गेलं.

हूकरचं प्रवासवर्णन १८५४ साली आलं, डार्विनला अर्पण केलेलं. वाचनीय आहे, जरूर वाचा. फक्त कैदेची प्रकरणं वाचताना बाजू एकाच माणसाची आहे हे ध्यानात ठेवा.

सिलिगुडीहून दार्जिलिंगच्या रस्त्याला लागलं की सुकनाजवळ अजून सालाचं जंगल लागतं, चढ सुरू व्हायच्या जरा आधी. टॉय ट्रेनही त्यातूनच जाते. ते रान १८५० पर्यंत सिक्कीमच्या राजाचं होतं.