खर्जाची उसनवारी

१९३३ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोघांनी एक शोधनिबंध छापला. त्यासाठी त्यांनी काही माणसांच्या कानांना हेडफोन लावून त्यांना एकामागून एक शुद्ध सूर ऐकवले होते. प्रश्न अगदी साधा होता : हा सूर मघाच्या सुराइतकाच मोठा वाटतो का? उत्तरांवरून जे आलेख निघाले, त्यांनी माणसाच्या कानाची एक खोड कायमची नोंदवून ठेवली. १००० हर्ट्‌झचा सूर ४० डेसिबेलला जेवढा ऐकू येतो, तेवढाच ५० हर्ट्‌झचा खर्ज ऐकू यायचा तर त्याला साधारण ३० डेसिबेल जास्त जोर लावावा लागतो. आवाज चढवत नेला की ही तफावत कमी होते, उतरवला की वाढते. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री रेडिओ बारीक केला, की आधी डग्गा नाहीसा होतो आणि तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ मात्र खणखणीत राहतो, तो यामुळेच. पुढे अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण आलं, ते याच आलेखांच्या आधाराने.

तरीही हेडफोनचा बेस, म्हणजे हाच खर्ज, वाढवणाऱ्यांकडे पाहून जाणकार नाक मुरडतात. ही आजकालच्या पोरांची बिघडलेली आवड, असा एकूण सूर असतो. इतिहास मात्र पोरांच्या बाजूचा आहे. ध्वनीच्या प्रवासात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर खर्ज कुणीतरी उसना घेतलेला दिसतो. वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने केली ती बरीचशी परतफेड.

पहिली उसनवारी टेलिफोनची. बोलणं समजावं एवढ्यापुरता त्याचा पट्टा ठरला, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून जातच नाही. तरी फोनवर वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालचा सूर मनानेच भरून काढतो. वरच्या बाजूची रड वेगळी होती. लांबच्या तारेत उंच सूर विरून जात, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येई. तारेच्या टोकाला कॉइल आणि कपॅसिटरची जुळणी बसवून अभियंत्यांनी सगळे सूर पुन्हा एका पातळीवर आणले. रेडिओ आणि बोलपटांच्या स्टुडिओंनी हीच युक्ती उचलली.

रेकॉर्डची गोष्ट अधिक रंजक आहे. खर्जाचा सूर कोरताना सुई डावी-उजवीकडे फार मोठा हेलकावा घेते. तो तसाच कोरला तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, आणि ते टाळायला खाचांत अंतर ठेवावं तर एका बाजूला मावणारी मिनिटं घटतील. मग कोरतानाच खर्ज दाबायचा, उंच सूर फुगवायचे आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरने नेमकं उलट करायचं, असा तोडगा निघाला. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं होतं. १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने एकच वक्ररेषा ठरवली, ती आरआयएए या आद्याक्षरांनी ओळखली जाते आणि पुढे जगभर चालली. त्या रेषेप्रमाणे ५० हर्ट्‌झचा सूर वाजवताना १००० हर्ट्‌झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबेलने उचलावा लागतो. एलपीवर भीमसेन जोशींचा खर्ज ऐकून ज्यांनी ‘हा खरा, नैसर्गिक आवाज’ म्हणून मान डोलावली, त्यांनीही घसघशीत बेस बूस्टच ऐकला होता.

ऐकणाऱ्याच्या हातात ही चावी खऱ्या अर्थाने दिली पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्याने. १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात त्यांनी बेस आणि ट्रेबल स्वतंत्रपणे कमी-जास्त करणारी एक सुटसुटीत मंडलरचना छापली. छापली म्हणजे सगळ्यांची झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ४५५८ नंबरची आयसी लावलेला जो तयार ‘बेस-ट्रेबल बोर्ड’ मिळतो, त्याच्या वंशावळीत वर कुठेतरी हा कागद सापडतो. कॉलेजातल्या पोरांनी त्या बोर्डांवर लाकडी खोक्यातले किती अ‍ॅम्प्लिफायर जुळवले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

पण हे सगळं स्पीकरचं झालं. हेडफोनवर खर्जाचं संकट आलं ते वॉकमनबरोबर. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये ३३,००० येनला वॉकमन विकायला काढला. त्याआधीचे बहुतेक घरगुती हेडफोन कान पूर्ण झाकणारे, जड. वॉकमनसोबत आले ते पन्नास ग्रॅमच्या आसपासचे, पातळ पट्टीचे, कानावर नुसती स्पंजची चकती टेकवणारे. फिरायला झकास, पण स्पंजातून हवा आरपार. पडद्याच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटून खर्जात एकमेकींना खोडून टाकतात. असा हेडफोन लावून दोन्ही तळव्यांनी चकत्या कानांवर दाबल्या की ढोलक एकदम भरून येतो, हात काढले की पुन्हा पोकळ. बंदिस्त हवेच्या छोट्या कप्प्यात इवलासा पडदासुद्धा दणदणीत खर्ज देतो. फट राहिली की संपलं.

दिवसभर कानावर हात दाबून कोण चालणार? कंपन्यांनी खटका दिला. सोनीचा ‘मेगा बेस’, पॅनासॉनिकचा ‘एक्सबीएस’. ऐंशीच्या दशकातल्या टेप डेकवर आणि टू-इन-वनवर तर उभ्या सरकपट्ट्यांची ओळच आली. घरात पाहुणे आले की त्या पट्ट्यांची दोन्ही टोकं वर आणि मधल्या खाली, अशी हसरी रेषा लावून ठेवायची पद्धत होती. दिसायला देखणी, पण भावगीताची वाट लावणारी. कारण शब्द मधल्या पट्ट्यात असतात आणि गायक बिचारा वादकांच्या मागे जाऊन उभा राहतो. १९९७ साली आलेल्या विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याच पट्ट्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. दहा पट्ट्या, सगळ्यात डावीकडची ६० हर्ट्‌झची, आणि शेजारी ‘प्रीअ‍ॅम्प’ नावाची एक पट्टी, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नसे.

खरं तर तीच महत्त्वाची. ६ डेसिबेल वाढवणं म्हणजे व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपट. डिजिटल ध्वनीला वरची मर्यादा ठाम असते. गाणं आधीच तिथपर्यंत पोचलेलं असेल तर वाढवलेल्या खर्जाचा माथा सपाट छाटला जातो आणि डग्ग्याची घुमार जाऊन फाटकी थरथर उरते. बेस जितका चढवायचा तितकाच प्रीअ‍ॅम्प उतरवायचा आणि मग मूळ व्हॉल्यूम वाढवायचा, हा यावरचा उपाय. स्टुडिओवाले याहून बारीक काम करतात. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली मांडलेल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये कोणता सूर, किती उचलायचा आणि आजूबाजूचा किती पट्टा सोबत घ्यायचा, हे तिन्ही वेगवेगळं ठरवता येतं. २०० हर्ट्‌झच्या आसपासचा गुबगुबीतपणा थोडा काढला तर खालचा खर्ज न वाढवताही मोकळा होतो. आज हे हत्यार फोनमधल्या फुकट अ‍ॅपमध्ये मिळतं.

दरम्यान बाजाराने खर्जाचंच दुकान थाटलं. २००८ मध्ये आलेले ‘बीट्स’ हेडफोन त्यांच्या भरघोस बेसमुळे गाजले आणि २०१४ मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी ३ अब्ज डॉलरना घेतली. आपल्याकडच्या ‘बोट’ कंपनीने तर स्वस्त इयरफोनचं नावच ‘बेसहेड्स’ ठेवलं. लोकलच्या घरघरीत गाण्याचा खर्जच आधी बुडतो, तेव्हा या मागणीला नुसती हौस म्हणता येत नाही. मात्र इयरफोन कानात सैल बसत असेल तर कुठलंही सेटिंग फोल आहे. आधी रबरी टोपी मोठ्या मापाची लावून पाहावी.

शेवटी हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२च्या सुमारास लोकांनाच विचारायला सुरुवात केली. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात तसा हेडफोन बहुतेकांना आवडतो, असं दिसलं. आणि खोलीच्या भिंती खर्जाला नेहमीच थोडा आधार देतात. हेडफोनला खोली नाही, तेव्हा तो आधार हेडफोनमध्येच भरावा लागतो. पुढच्या पाहणीत साधारण ६४ टक्के ऐकणारे अशा भरलेल्या खर्जावर खूश होते, १५ टक्क्यांना आणखी बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. जास्त मागणाऱ्यांत तरुण पुरुष अधिक, कमी मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले अधिक. बाप-लेकांत एकच हेडफोन असेल, तर त्या घरात इक्वलायझरची दोन प्रीसेट आधीच नावानिशी करून ठेवलेली बरी.