न दिसणारा पदार्थ की अपुरा नियम?

अबुधाबीच्या वाळवंटात आकाशगंगा पाहताना आमची मुले ‘डार्क मॅटर’ म्हणजे काय, असे हमखास विचारतात. मी त्यांना आधी दोन ग्रहांची हकीकत सांगतो. युरेनसची चाल गणिताशी जुळेना; न दिसणारा ग्रह कल्पिला गेला आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाचीही जुळेना, तिथे मात्र कल्पिलेला ‘व्हल्कन’ सापडलाच नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला.

दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेहून वेगाने फिरतात. पेच तोच! बहुतेक शास्त्रज्ञ न दिसणारा पदार्थ मानतात. त्याचा कण अद्याप हाती लागलेला नाही. १९८३ मध्ये मिलग्रोम यांनी नियम बदलला. एकेका दीर्घिकेला तो छान लागू पडतो, दीर्घिकासमूहांत कमी पडतो.

कोल्हापुरात जन्मलेल्या, बनारसला वाढलेल्या जयंत नारळीकरांनी नियमाला हात घातला तो त्याही आधी, १९६४ मध्ये, फ्रेड हॉईल यांच्यासह. त्यांचा प्रश्न निराळा होता: वस्तूचे वस्तुमान दूरच्या विश्वामुळे ठरते काय? सिद्धांत सर्वमान्य झाला नाही. मला त्याहून मोलाचे वाटते ते वेगळेच. मे २०२५ मध्ये निवर्तलेल्या नारळीकरांनी महास्फोटावर कायम शंका घेतली. पण त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’त महास्फोट मानणारेही निर्वेधपणे काम करीत आले.