पीएच.डी.नंतरची उमेदवारी

भाईंदरच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत पीएच.डी. झालेली एखादी मुलगी तुमच्या शेजारी उभी असेल. घरची मंडळी तिला विचारतात, "अगं, डॉक्टर झालीस ना? मग ही पुन्हा दोन वर्षांची नोकरी कसली?"

प्रश्न रास्त आहे. पेशींच्या आणि रेणूंच्या जीवशास्त्रात पक्की जागा मिळण्याआधी अशी मुदतीची उमेदवारी करावी लागते. तिला पोस्टडॉक म्हणतात. तिचा उपयोग काय, हे पाहायला आपण परळला जाऊ.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्याचा, १९१७ चा. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईस आल्या, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. तिथंच थांबल्या असत्या तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्या उमेदवारीसाठी अमेरिकेत, बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

हे गाय म्हणजे शरीराबाहेर पेशी जगवण्यात निष्णात. काचनळ्या संथपणे फिरत्या ठेवायच्या, म्हणजे पेशींना आळीपाळीने पोषक द्रव आणि हवा मिळते, ही त्यांची युक्ती. हेन्रिएटा लॅक्स या कर्करुग्ण स्त्रीच्या पेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. त्या बाईंना मात्र कोणी विचारलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

आता ही विद्या पुस्तक वाचून का येत नाही? मिठागरांच्या गावाला मिठाचंच उदाहरण देतो. पेशीभोवतीच्या द्रवात मीठ जास्त झालं की पेशी आकसते, कमी झालं की फुगून फुटते. ऊब सदतीस अंशांची हवी. त्यातून बुरशीचा एक कण शिरला की आठवड्यांची मेहनत पाण्यात! अशा कामात हात बसावा लागतो, आणि तो जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच बसतो.

रणदिवे परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली मानली जाते. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर, आनुवंशिकता आणि संप्रेरकांचा त्याच्याशी असलेल्या संबंधावर त्यांनी काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग काढणारे ओबेद सिद्दिकी हेही अमेरिकेत अशीच उमेदवारी करून आले होते.

फरक एवढाच, की या दोघांना परतल्यावर काम उभं करायला जागा होती. आज मुदत संपली की पुष्कळांना पुन्हा नवा अर्ज, नवं गाव. परळचं ते संशोधनही आता खारघरला गेलं आहे. भाईंदरची मुलगी दादरला गाडी बदलते, कुर्ल्याला पुन्हा बदलते, आणि पेशींना खाऊ घालायची वेळ गाठते. रविवारीसुद्धा, पेशींना रविवार नसतो.