एका मतानें वांचलेला अध्यक्ष

जुलमी राजाला दूर करावयाचें तर पूर्वींच्या काळीं बहुधा दोनच मार्ग असत. एक बंड आणि दुसरा खून. ज्या राष्ट्रांनीं राजाच नको असें ठरविलें, त्यांच्यापुढें निराळाच प्रश्न उभा राहिला. लोकांनींच ठराविक मुदतीकरितां निवडलेला अधिपति मुदत संपण्यापूर्वींच मर्यादा सोडून वागूं लागला, तर त्याला कोणीं व कसें आवरावें? १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकेची राज्यघटना तयार होत असतां हा प्रश्न निघाला. त्याचें जें उत्तर ठरलें, त्याची खरी कसोटी ऐंशी वर्षांनंतर, १८६८ सालीं, लागली. त्या कसोटीची हकीकत आज सांगावयाची आहे.

ज्या वर्षीं हे घटनाकार बसले होते, त्याच वर्षीं विलायतेंत वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर महाभियोग आणण्यांत आला होता. बर्कनें त्याच्याविरुद्ध मांडलेल्या आरोपांत मराठ्यांशीं केलेलें युद्ध व तह यांचाही समावेश होता, ही गोष्ट आपण लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ८ सप्टेंबर रोजीं जॉर्ज मेसन या प्रतिनिधीनें हेस्टिंग्जचाच दाखला दिला. देशद्रोह व लांचखोरी एवढेच अपराध घटनेंत लिहिले तर कित्येक घोर अपराध सुटून जातील, असें सांगून ‘गैरकारभार’ हा शब्द घालावा अशी त्यानें सूचना केली. त्यावर मॅडिसननें हरकत घेतली कीं, इतका सैल शब्द घातल्यास अध्यक्ष केवळ सेनेटची मर्जी असेल तोंवरच अधिकारावर राहील. मेसननें तो शब्द मागें घेतला आणि ‘इतर मोठे गुन्हे व दुराचरणें’ अशा अर्थाची शब्दयोजना सुचविली. थोड्या फेरफारानें तीच घटनेंत राहिली.

या व्यवस्थेची रचना मोठ्या सावधपणानें केलेली आहे. आरोप ठेवण्याचा अधिकार प्रतिनिधि-सभेला. तेथें साधें बहुमत पुरतें. न्याय करण्याचा अधिकार सेनेटला. तेथें हजर सभासदांपैकीं दोनतृतीयांश मतें लागतात. आरोपी खुद्द अध्यक्ष असेल तर अध्यक्षस्थानीं सरन्यायाधीश बसतो, कारण एरव्हीं त्या आसनावर बसणारा उपाध्यक्ष हाच गादीचा वारस असतो. शिक्षा म्हणजे पदच्युति आणि पुढें अधिकारपदास अपात्रता, एवढीच. अध्यक्षाला इतर गुन्हेगारांना क्षमा करतां येते, पण महाभियोगाच्या बाबतींत त्याची क्षमा चालत नाहीं.

आतां खटल्याकडे वळूं. अँड्र्यू जॉन्सन हा धंद्यानें शिंपी. शाळेचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. स्वतःच्या हिमतीवर तो टेनेसी संस्थानचा गव्हर्नर व पुढें सेनेटर झाला. दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं तेव्हां त्यांच्या सेनेटरांपैकीं हा एकटाच संयुक्त राष्ट्राशीं एकनिष्ठ राहिला. या निष्ठेमुळेंच तो लिंकनचा उपाध्यक्ष झाला आणि १५ एप्रिल १८६५ रोजीं, लिंकनच्या खुनानंतर, अध्यक्ष झाला.

यादवी युद्ध संपून सुमारें चाळीस लक्ष गुलाम मुक्त झाले होते. परंतु दक्षिणेंतील संस्थानांनीं नवे कायदे करून त्यांना पुन्हां जखडण्यास आरंभ केला. काँग्रेस, म्हणजे तेथील विधिमंडळ, त्यांना नागरिकत्वाचें संरक्षण देऊं पाहत होतें. जॉन्सन मात्र बंडखोरांना उदार हातानें माफी देत होता आणि काँग्रेसचीं विधेयकें नाकारीत होता. १८६६ सालीं मेंफिस व न्यू ऑर्लिअन्स येथें कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या, तरी त्याचें धोरण पालटलें नाहीं. त्याच्या हातीं लष्कर होतें, आणि दक्षिणेंत कायद्याची अंमलबजावणी त्या लष्कराच्याच बळावर व्हावयाची होती. म्हणून काँग्रेसनें १८६७ च्या मार्चमध्यें त्याचा नकार डावलून एक कायदा केला कीं, सेनेटच्या संमतीनें नेमलेल्या अधिकाऱ्यांना सेनेटच्या संमतीवांचून काढतां येणार नाहीं. युद्धमंत्री स्टँटन हा काँग्रेसच्या बाजूचा होता. त्याला राखणें हा या कायद्याचा एक प्रमुख उद्देश होता.

२१ फेब्रुवारी १८६८ रोजीं जॉन्सननें स्टँटनला बडतर्फ केलें. स्टँटन कचेरी सोडीना. तेथेंच मुक्काम ठोकून बसला! तीनच दिवसांनीं प्रतिनिधि-सभेनें १२६ विरुद्ध ४७ मतांनीं अध्यक्षावर महाभियोग आणला. आरोपांचीं कलमें अकरा, पण त्यांतील बहुतेकांचा रोख स्टँटनच्या बडतर्फीवरच होता. सेनेटच्या प्रेक्षागारांत बसण्यासाठीं तिकिटें छापावीं लागलीं. फिर्यादी पक्षाचा वृद्ध पुढारी थॅडियस स्टीव्हन्स इतका आजारी होता कीं, त्याला खुर्चींतून उचलून सभागृहांत आणावें लागे. बचावाच्या बाजूला बेंजामिन कर्टिस होता. ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यांत ज्या न्यायमूर्तींनीं बहुमताविरुद्ध निकाल दिला होता त्यांपैकींच हा एक. त्यानें दाखवून दिलें कीं, स्टँटनची नेमणूक लिंकननें केली होती, जॉन्सननें नव्हे. तेव्हां नवा कायदा त्याला लागूच होत नाहीं.

सेनेटमध्यें ५४ सभासद. दोषी ठरविण्यास ३६ मतें हवीं. १६ मे रोजीं अकराव्या कलमावर प्रथम मतें घेतलीं, कारण तेंच संमत होण्याचा संभव अधिक होता. आजारानें खंगलेल्या ग्राइम्स या सेनेटरला कसेंबसें सभागृहांत आणलें. त्यानें ‘निर्दोषी’ म्हणून मत दिलें. कॅन्सासच्या एडमंड रॉसचें मत काय होईल याची सर्वांना उत्कंठा होती. तोही ‘निर्दोषी’ म्हणाला. एकूण ३५ विरुद्ध १९. एक मत कमी पडलें. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्या सात सेनेटरांनीं पक्षाविरुद्ध मत दिलें होतें. २६ मे रोजीं आणखी दोन कलमांवर तोच आंकडा आला आणि खटला आटोपला.

या सात जणांना कोणी हुतात्मे मानतात. पण तसें मानण्यापूर्वीं थांबावें. रॉसनें पुढें आपल्या माणसांसाठीं जॉन्सनकडे नोकऱ्या मागितल्या. शिवाय जॉन्सन गेला असता तर त्याच्या जागीं येणारा सेनेटचा सभापति बेन वेड कित्येकांना नको होता. तथापि त्यांतील ट्रंबुलनें मांडलेला मुद्दा मोलाचा आहे: आज हा पायंडा पडला तर प्रतिनिधि-सभेच्या बहुमताशीं व सेनेटच्या दोनतृतीयांशांशीं ज्याचें पटत नाहीं असा कोणताही अध्यक्ष पुढें सुरक्षित राहणार नाहीं. ज्या कायद्याच्या भंगाबद्दल खटला भरला, तो कायदा काँग्रेसनेंच १८८७ सालीं रद्द केला. आणि तो मुळांतच घटनाबाह्य होता असें सर्वोच्च न्यायालयानें १९२६ सालीं म्हटलें.

मग न्याय झाला काय? माझ्या मतें आरोपाचा निकाल योग्य लागला, पण ज्या अपराधाबद्दल लोकांचा खरा संताप होता त्याचा निकाल लागलाच नाहीं. मुक्त झालेल्या माणसांना कायद्याचें संरक्षण नाकारणें हा जॉन्सनचा खरा दोष. फिर्याद मात्र एका मंत्र्याच्या बडतर्फीची! मोठ्या अन्यायाला लहान कलमांत बसवूं गेलें म्हणजे अन्याय करणारा सुटतो. अध्यक्षपद वांचलें, त्याची किंमत मात्र सेनेटमध्यें ज्यांना एकही जागा नव्हती अशा कृष्णवर्णीयांनीं मोजली.

पुढें १९७४ सालीं निक्सननें महाभियोग समोर येतांच राजीनामा दिला. क्लिंटन १९९९ सालीं निर्दोषी ठरला. ट्रंपवर दोनदां खटला झाला. २०२१ सालीं त्याच्याविरुद्ध ५७ मतें पडलीं, परंतु ६७ हवीं होतीं. अशा रीतीनें या चारही खटल्यांत सेनेटनें एकाही अध्यक्षाला दोषी ठरविलें नाहीं. आपल्या घटनेच्या ६१ व्या कलमांतही राष्ट्रपतींवरील महाभियोगाची तरतूद आहे, व तेथें तर सभागृहाच्या एकूण सभासदसंख्येच्या दोनतृतीयांश मतें लागतात.

शस्त्र जड असलें म्हणजे तें उठसूट उपसलें जात नाहीं, हा त्याचा गुण; आणि खरी वेळ आली असतांही तें उचलवत नाहीं, हा त्याचा दोष. या गुणदोषांचा समतोल घटनेचीं कलमें राखूं शकत नाहींत. तो मत देणाऱ्या माणसांनाच राखावा लागतो.