साक्ष : मराठी ख्रिस्ती आत्मकथनाची घडण

देवाने आपल्या आयुष्यात काय केले आणि त्याआधी आपण कसे होतो, हे मंडळीसमोर उभे राहून सांगण्याला ख्रिस्ती समाजात साक्ष देणे म्हणतात. प्रार्थनासभांमधून ही प्रथा आजही चालू आहे. मराठी आत्मचरित्राच्या जडणघडणीतही तिचा वाटा मोठा आहे.

पापाची उघड कबुली ख्रिस्ती धर्मात जुनीच. आरंभीच्या शतकांत गंभीर पापाचे प्रायश्चित्त मंडळीदेखत घ्यावे लागे. पुढे ही कबुली धर्मगुरूच्या कानापुरती उरली आणि 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे बंधनकारक ठरवले. प्रोटेस्टंटांमध्ये वेगळे वळण आले. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन मंडळ्यांनी, सभासद होऊ पाहणाऱ्याने आपल्या मनःपरिवर्तनाची हकीकत सांगितली पाहिजे, अशी अट घातली. याच परंपरेत वाढलेल्या मिशनऱ्यांनी 1813 मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू केले. 1831 मध्ये ते अहमदनगरला पोचले आणि 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले.

एतद्देशीय माणसाला मात्र साक्ष महागात पडे. बाप्तिस्मा घेताच जात सुटे, घर तुटे. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून 1850 मध्ये कायदा करावा लागला, तो या कारणाने. जातिभेद न मानणाऱ्यांनाही उघडपणाची धास्ती होती. 1849 च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत येणाऱ्याला ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे, पण सभासदांची नावे गुप्त राहत. 1860 च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, नावे फुटण्याच्या भीतीने सभासद पांगले आणि सभा मोडली. बाबा पदमनजी (1831–1906) याच सभेत होते. त्यांनी 1854 मध्ये बेळगावला उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपली चलबिचल तपशिलाने मांडली. मराठीतल्या पहिल्या काही आत्मचरित्रांत त्याची गणना होते. परमहंस सभेच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधनही आहे.

प्रथा रुळली तसा तिचा साचाही ठरला. आधी अंधार, मग प्रकाश, आणि प्रकाशानंतर सारे सुरळीत. पंडिता रमाबाईंनी हा साचा मोडला. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, हे त्यांनी लपवले नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत तर त्यांनी कबूल केले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी भेटला. धर्मांतराबद्दल टीकेचा भडिमार सोसलेल्या बाईने हे छापून सांगणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे होते. 1905 मध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्तिसदनात झालेल्या धार्मिक जागृतीत तिथल्या मुलींनी रडत रडत सर्वांसमक्ष आपल्या पापांची कबुली दिली. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या.

या परंपरेचे सर्वांत सरस फळ लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. त्याचे चार भाग 1934 पासून प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे वडील कमालीचे सोवळे. बाजारातला जिन्नस धुतल्याखेरीज त्यांच्या घरात येत नसे. पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा बाई कोसळल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. मधल्या काळात पतीजवळ राहायला आल्यावरही त्या आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवत, आणि हा विटाळ मनातून कसा गेला, ते त्या स्वतःलाच हसत सांगतात. टिळकांचा संताप, त्यांचा विसराळूपणा, हाती पैसा न टिकणे यांवरही त्या पांघरूण घालत नाहीत. ख्रिस्ती कवी म्हणून टिळक तेव्हा पूज्य झाले होते; बाईंनी त्यांना माणूसच ठेवले. वाचकाचा टिळकांविषयीचा आदर त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढतो.

साक्षीचा धोका तिच्यातच आहे. टाळ्या मिळू लागल्या, की पूर्वायुष्याची पापे रंगवून सांगितली जातात आणि आजच्या उणिवा झाकल्या जातात. पदमनजी, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांची पुस्तके टिकली ती त्यांनी आपली शंका, चूक आणि दुबळेपणाही लिहून ठेवला म्हणून. त्याच काळात उपदेशासाठी छापलेल्या असंख्य पुस्तिका आज कोणी उघडत नाही.