तंजावर ते कोलंबिया, बडोद्यामार्गे

१८८१ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीच्या देणगीतून एक शाळा निघाली. परदेशी एमबीएसाठी अर्ज करणारा आजचा भारतीय उमेदवार ज्या संस्थांची नावं यादीत सर्वात वर लिहितो, त्यांतली ही एक, व्हार्टन स्कूल. त्याच वर्षी बडोद्यातही कारभाराचे धडे दिले जात होते. विद्यार्थी एकच होता, अठरा वर्षांचे सयाजीराव गायकवाड. शिकवत होते संस्थानचे दिवाण सर टी. माधवराव.

नावातला ‘टी’ तंजावरचा. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला एका देशस्थ मराठी घरात जन्मले. कावेरीकाठच्या या मुलखात मराठी राज्य आलं ते १६७० च्या दशकात, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यामुळे. राजापाठोपाठ कारकून, हिशेबनीस, वकील आले आणि मोडीतलं दफ्तर उभं राहिलं. पुढे १७९९ च्या तहाने सरफोजी राजांकडे किल्ला आणि लगतचा भाग तेवढा राहिला, बाकीचा कारभार कंपनीने घेतला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या या राजाने मग सगळी ताकद विद्येत घातली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि उरलंसुरलं राज्यही गेलं.

कारभारी घराण्यांनी बाहेरची वाट मात्र त्याआधीच धरली होती. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव, दोघेही त्रावणकोरचे दिवाण. पण नव्या पिढीला नुसत्या घराण्याच्या नावावर भागणार नव्हतं. १८४१ मध्ये मद्रासला सरकारी हायस्कूल सुरू झालं. केंब्रिजमध्ये गणित शिकलेले एअर बर्टन पॉवेल तिथे मुख्याध्यापक होते. माधवराव या शाळेच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांपैकी. १८४६ मध्ये प्रावीण्याची पदवी घेऊन ते बाहेर पडले, काही काळ पॉवेल यांच्याच हाताखाली गणित शिकवलं, मग मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत लागले. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवण्याचं काम आलं. पक्कं गणित, हिशेबाच्या कचेरीतला अनुभव, मोठ्या गुरूचा भरवसा: आजच्या बिझनेस स्कूलची प्रवेश समिती अर्जात जे शोधते, ते सगळं एकविशीतल्या या तरुणाजवळ होतं.

तिशीच्या आसपास ते त्रावणकोरचे दिवाण झाले तेव्हा खजिना रिकामा होता, नोकरांचे पगार थकलेले होते. त्यांनी मिरी आणि तंबाखूचे सरकारी मक्ते मोडले. १८६३ पर्यंत संस्थान कर्जातून मोकळं झालं. नंतर १८७३ मध्ये इंदूर. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि विस्कटलेला बडोद्याचा कारभार माधवरावांकडे सोपवला गेला. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला.

सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले डिसेंबर १८८१ मध्ये. त्याआधी माधवरावांनी त्यांना दिलेली व्याख्यानं ‘मायनर हिंट्स’ नावाने छापली गेली. प्रजेचं सुख हेच राज्याचं प्रयोजन, कायदा राजालाही बांधतो, माणसं निवडायची कशी, राजवाड्याच्या खर्चाला आवर कसा घालायचा, इंग्रजांशी झालेल्या तहांचा अर्थ काय, असे त्यांचे विषय. या व्याख्यानांकडे म्हाताऱ्या दिवाणाचा उपदेश म्हणून पाहणं अन्यायाचं होईल. तीन संस्थानं प्रत्यक्ष चालवलेला माणूस आपला अनुभव सूत्रबद्ध करून पुढच्या कारभाऱ्याच्या हाती देत होता. व्यवस्थापनाचं शिक्षण याहून वेगळं काय असतं?

त्या काळात परदेशी जाऊन कारभार शिकायचा, तर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या तरुणापुढे मोठी वाट एकच होती, लंडनची आयसीएस परीक्षा. १९२२ पर्यंत ती फक्त लंडनलाच होत असे. १८६९ मध्ये चार हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले. त्यांतले मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी वयाच्या वादात अडकले. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगायची रीत, इंग्रजांकडे पूर्ण झालेली वर्षं मोजायची. मॅट्रिकच्या दाखल्यावरचा आकडा लंडनच्या हिशेबाशी जुळेना. न्यायालयापर्यंत गेल्यावर दोघांची नावं पुन्हा यादीत आली. एका दाखल्यापायी आयुष्य टांगणीला लागण्याची ही धास्ती आजच्या अर्जदारालाही ठाऊक आहे.

मग १९१३ साल उजाडलं. परीक्षेऐवजी शिष्यवृत्तीच्या वाटेने परदेशी जाणाऱ्या दोन तरुणांची गोष्ट इथून सुरू होते. कुंभकोणमला वाढलेले, तिथल्या सरकारी कॉलेजात नापास झालेले श्रीनिवास रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी करत होते. त्याआधी नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी महिना पंचवीस रुपये देऊन त्यांना तगवलं होतं. १६ जानेवारीला रामानुजननी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. समुद्रपर्यटनाला घरातून विरोध होता. तो मावळला आणि मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मार्च १९१४ मध्ये त्यांची बोट निघाली.

इकडे मुंबईत भीमराव आंबेडकरांचं एल्फिन्स्टनमधलं शिक्षणही महिना पंचवीस रुपयांवरच झालं होतं. ते पैसे सयाजीरावांचे होते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी महाराजांकडे शब्द टाकला होता. ४ जून १९१३ रोजी आंबेडकरांनी बडोद्यात करारावर सही केली: तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र घेतलं आणि एम.ए.च्या पदवीसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर व अर्थकारणावर प्रबंध लिहिला. तंजावरचा कारभार घेतला ती हीच कंपनी.

करारातली नोकरी करायला ते १९१७ मध्ये बडोद्याला आले. अस्पृश्य म्हणून गावात राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते पारशी सरायीत उतरले, तिथूनही त्यांना हाकललं गेलं. राजाने शिष्यवृत्ती दिली होती, पण त्या राजाच्या राजधानीत आंबेडकरांना एक खोली मिळाली नाही. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेलं शिक्षण अपुरं राहिलं होतं. १९२० मध्ये ते पुरं करायला ते पुन्हा निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली.

महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी जी शिष्यवृत्ती देतं, तिला राजर्षी शाहू महाराजांचंच नाव आहे. एमबीएसारखे अभ्यासक्रमही तिच्यात बसतात. अट अशी की, जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दोनशे संस्थांपैकी एकीत आधी प्रवेश हवा. बडोद्याने आधी माणूस निवडला, पैसे दिले आणि मग बोटीत बसवलं. आताचा क्रम उलटा आहे. जीमॅटची फी, दर विद्यापीठाची अर्जाची फी, निबंध तपासून घेण्याचा खर्च, हे सगळं शिष्यवृत्तीचा पहिला रुपया हाती येण्याआधीच करावं लागतं. शिफारसपत्रासाठी केळूसकर गुरुजींसारखा माणूस ओळखीत असावा लागतो, तो वेगळाच. तंजावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पहिल्या पिढीच्या मुलीला असो की नांदेडच्या, हा प्रवेशाआधीचा खर्चच सर्वात जड जातो, आणि सरकारी योजनांनी पहिला हात तिथेच द्यायला हवा.